पातळी स्थिर

प्रकाशाच्या घाटाखाली दगडात रोवलेली पांढरी पट्टी आहे,
तिच्यावर काळे आकडे.
मी तासातासाला बॅटरी मारून वाचतो
आणि खाली कळवतो, उकाईला, तिथून सुरतेला.
नोव्हेंबरात कळवण्यासारखं काही नसतं.
पातळी स्थिर. पातळी स्थिर.
सोळा वर्षं समुद्राला नदीची खबर देतोय,
समुद्र मी पाहिलेला नाही.

भागाबाई रोज दिवेलागणीला येते,
शेवटच्या पायरीवर बसून तळवे पाण्यात सोडते, विचारते,
"काय म्हनस रे तुना मोबाइल?"
लोटन तिचा धाकटा.
बंधारा झाला, भोयांचे मासे पांगले,
तसा हा पाण्याच्या मागे मागे खाली गेला,
आधी सुरत, मग वेरावळ,
एका ट्रॉलरवर खलाशी.
तिच्या वाट्याचा समुद्र माझ्या तळहातावर मावतो.
काचेला तडा, चार्जिंग एकवीस टक्के.

आज वाचून दाखवलं :
पूर्वमध्य अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र,
उत्तर-ईशान्येकडे सरकतंय, तीव्र होतंय.
वारे ताशी साठ ते सत्तर, झोत ऐंशीपर्यंत.
समुद्र खवळलेला ते अति खवळलेला.
बंदरांवर तीन नंबरचा बावटा.
खोल पाण्यात असलेल्यांनी त्वरित किनाऱ्याला परतावं.

"अन त्याले हाई कोन सांगी?" ती म्हणाली.

तिकडे नंदुरबारच्या रस्त्याला
पथाऱ्यांवर नजर पोचेल तिथवर लाल मिरची.
दुपारपासून आभाळ नासलेल्या दुधासारखं,
आणि व्यापारी, हमाल, बाया, शाळा बुडवलेली पोरं
ताडपत्र्यांची टोकं धरून पळत होती.
ठसक्याने सगळेच खोकत होते, हसतही होते थोडे.
तिकडे डोलकाठीला वाकवणारा वारा
डांगांचे डोंगर चढून येता येता
एवढाच उरतो,
मिरचीला ओल धरेल, झाकून घ्या, एवढा.

अंधारात तिने विचारलं,
बंधाऱ्याची एखादी फळी उचलून थोडं पाणी सोडता येतं का,
म्हणजे त्याला कळेल.
मी हसलो नाही.
म्हणालो, मावशी, मध्ये उकाई आहे, तिथे अडेल.
ती बराच वेळ गप्प. मग,
"अडेल पानी बी कधी ना कधी सुटस."

लोटनचा एक ठराव होता, बॅलन्स वाचवायचा.
एक रिंग देऊन कापला, तर बंदरात आलो.
दोन, तर पाण्यात चाललो.
तीनचं काही ठरलंच नव्हतं.
शेवटच्या दोन आल्या त्याला नऊ दिवस झाले होते.

रात्री दोनचं माप घ्यायला खाली उतरलो,
मोबाइल वर, तिच्या पदराच्या गाठीशी.
वाजला.
मी पट्टीशी वाकलेलो, बॅटरी दातात.
एक ऐकली. तेवढ्यात टिटवी ओरडली,
आणि त्या ओरडण्याखाली आणखी अर्धी होती
की नव्हती,
मला आजही सांगता यायचं नाही.

वर पोचलो तर ती उभी राहून लुगडं झटकत होती.
"एकच वाजनी," म्हणाली, "मी मोजी."
मोबाइल माझ्या हातात ठेवला
आणि घाट चढून गेली, मागे न बघता,
गुडघे धरून चढते तशी नाही.

नंबर लोटनचा नव्हता.
परत लावला,
गुजरातीत एक बाई फार गोड आवाजात सांगत होती
की माणूस संपर्काच्या बाहेर आहे.
पुन्हा लावला. तीच बाई.
हे मी तिला वाचून दाखवलेलं नाही.

वहीत वेळ टाकली, पातळी टाकली. स्थिर.
पट्टीवर पाणी बोटभर वर-खाली होत होतं,
वाऱ्याने असेल.
ते लिहायला रकाना नाही.